टेलचा मासा

7 जून 2025. पहाटे पाच वाजता हाफ मून बेच्या पिलर पॉइंट बंदरात गाडी लावायला जागा उरली नव्हती. 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सॅमनसाठी समुद्रात गळ टाकायला बंदी होती. त्यानंतर हौशी मच्छीमारांना जूनमधला एक शनिवार आणि एक रविवार मिळाला होता, आणि अख्ख्या राज्यासाठी मर्यादा होती 7,000 माशांची. बंदरावर जत्रेसारखी गर्दी होती. आजोबांबरोबर नातवंडं होती, थर्मासमधून कॉफी निघत होती, आणि दोन वर्षं माळ्यावर पडलेल्या काठ्यांच्या चाकांना तेल घातलं जात होतं.

आमच्या बोटीवर आम्ही चौदा जण होतो. धुकं इतकं दाट होतं की पुढच्या टोकाला बसलेला माणूस नुसता सावलीसारखा दिसत होता. लिंबाएवढा शिशाचा गोळा, त्याच्यामागे चकाकती पत्री आणि गरीला लावलेली अँकोव्ही. हा आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. गरीला काटा उलटा नसतो, तसा नियमच आहे. बोट संथ चालवायची, दोऱ्या पाण्यात सोडायच्या आणि काठीच्या टोकाकडे बघत बसायचं. मी गुहागरकडचा. लहानपणी मामाबरोबर खडपावर गरवायला जायचो, तेव्हापासून दोरी बोटात धरून बसायची सवय आहे. त्यामुळे तास-दोन तास काही लागलं नाही तर माझं काही बिघडत नाही. पण दुपारी दोनपर्यंत चौदा जणांत एक मासा लागला. तोही माझ्या दोरीला नाही, शेजारच्या बाईंच्या. जवळजवळ दोन हात लांब, पाठ हिरवट काळी, पोट चांदीसारखं. त्या बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

त्या दोन दिवसांत इतर बोटींना मात्र बऱ्यापैकी मासा मिळाला. सगळ्या राज्यात मिळून सुमारे 9,000. म्हणजे 7,000 ची मर्यादा पहिल्याच शनिवार-रविवारी ओलांडली गेली आणि उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेले बाकीचे दिवस रद्द झाले. पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांना तर त्या वर्षी एकही दिवस मिळाला नाही. त्यांच्या संपूर्ण बंदीचं ते सलग तिसरं वर्ष होतं.

मर्यादा ओलांडली की मोसम बंद, ही शिस्त मला मान्य आहे. मर्यादेत राहायला ज्याची हरकत असेल त्यानं दर्यात जाऊच नये, असं माझं मत आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. आकडा घसरला की आपोआप हात आखडायचा, हा नियम या माशाच्या आयुष्यात एकट्या मच्छीमारालाच का लागू व्हावा? माशाचं निम्मं आयुष्य ज्या नदीत ठरतं, त्या नदीचं पाणी घेणाऱ्यांना तोच नियम, तितक्याच काटेकोरपणे, का लागू नाही?

हे समजायला माशाचं चक्र नीट बघावं लागतं. (आपल्याकडे हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो रावस. तो चविष्ट खराच, पण या माशाचा कोणी लागत नाही.) इथल्या समुद्रात मिळणारा बहुतेक मासा हा चिनूक जातीचा सॅमन, आणि त्यातला मोठा वाटा सॅक्रामेंटो नदीचा. शरद ऋतूत मादी नदीच्या तळाच्या गोट्यांमध्ये शेपटीनं खळगा करते, अंडी घालते आणि मरते. पिल्लं हिवाळ्यात बाहेर पडतात आणि वसंतात नदीच्या लोंढ्याबरोबर खाली उतरून गोल्डन गेट पुलाखालून समुद्रात जातात. तिथं दोन-तीन वर्षं वाढून, बहुतेक तिसऱ्या वर्षी, त्याच नदीत परत येतात. म्हणजे आज समुद्रात मासा नसेल तर चूक आजची नसते. ती तीन वर्षांपूर्वीच्या नदीची असते.

आणि या बंदीआधी तीन वर्षं नदीत काय होतं? 2020 ते 2022 हा कॅलिफोर्नियाच्या भीषण दुष्काळाचा काळ. सॅमनच्या अंड्यांना थंड पाणी लागतं. तेरा अंशांच्या वर पारा गेला की अंडी मरायला लागतात. सॅक्रामेंटोच्या माथ्यावर शास्ता धरण आहे. 1945 मध्ये पूर्ण झालेलं, 183 मीटर उंच, माशाला वर चढायला वाट न ठेवता बांधलेलं. वरच्या डोंगरातल्या मॅक्लाउड, पिट अशा थंड झऱ्यांच्या नद्या या धरणानं माशापासून कायमच्या तोडल्या. तेव्हापासून मासा धरणाच्या खालीच अंडी घालतो आणि जगणं-मरणं धरणातून काय पाणी सुटतं त्यावर ठरतं. थंड पाणी जलाशयाच्या तळाशी असतं. ते तळातून काढता यावं म्हणून 1997 मध्ये धरणाला खास यंत्रणाही बसवली. पण वसंतात शेतीसाठी मोठे विसर्ग सुटले की उन्हाळा संपेपर्यंत तळाचं थंड पाणी पुरत नाही. 2021 मध्ये हेच झालं. सॅक्रामेंटोत हिवाळी सॅमन नावाची एक दुर्मीळ शाखा आहे. ती भर उन्हाळ्यात अंडी घालते. त्या वर्षी तिच्या दर शंभर अंड्यांतून जेमतेम तीन पिल्लं नदीत पुढं सरकली. बाकीची अंडी गोट्यांमध्येच गेली, बहुतेक कोमट पाण्यानं.

2022 च्या शरदात सॅक्रामेंटोत परतलेले मोठे मासे सुमारे 62,000. किमान उद्दिष्ट आहे 1,22,000. धरणांपूर्वी या खोऱ्यात दरवर्षी दहा ते वीस लाख सॅमन येत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या 62,000 मध्ये आमचाही दोष होता, हे सांगितलं पाहिजे. त्या वर्षी माशांचा अंदाज फारच आशावादी निघाला, मोसम खुला राहिला आणि आम्ही मासे पकडले. म्हणून 2023 मध्ये बंदी आली तेव्हा बंदरावर फारसं कुणी भांडलं नाही. लोक हळहळले, पण मुकाट्यानं काठ्या माळ्यावर टाकल्या.

पण पुढं काय झालं ते बघा. दोन वर्षं समुद्रात एकही गळ पडला नाही. 2024 च्या शरदात तरी नदी भरून मासा यायला हवा होता. आला तो लाखाच्या आतच. पुन्हा उद्दिष्टाखाली. नुसता गळ बंद करून मासा पुरेसा वाढत असता, तर दोन वर्षांनी तो उद्दिष्टाच्या वर दिसला असता.

याच्यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो: समुद्रच बिघडलाय, नदीला कशाला बोल लावता? आक्षेप पोकळ नाही. 2020 मध्ये हॅचऱ्यांमधली, म्हणजे अंडी उबवून मासे वाढवणाऱ्या केंद्रांमधली, पिल्लं विचित्र वागायला लागली. गोल गोल फिरायची, एका कुशीवर पडायची, मरायची. शोध घेतला तेव्हा कळलं की त्यांच्या आयांच्या अंगात ब-1 जीवनसत्त्व कमी होतं. समुद्रात अँकोव्ही बेसुमार वाढली होती आणि सॅमन जवळजवळ तेवढीच खात होता. अँकोव्हीत असं एक विकर असतं जे ब-1 नष्ट करतं. आता हॅचऱ्यांमध्ये माद्यांना ब-1 टोचतात, पिल्लांना ब-1 च्या पाण्यात बुडवून काढतात. हे सगळं खरं आहे. पण समुद्रात काय वाढेल ते कुणाच्या हातात नाही, आणि धरणाचा दरवाजा माणसाच्या हातात आहे. समुद्र दगा देतो त्या वर्षी तर नदीतून जास्त पिल्लं जायला हवीत. दोन्हीकडून एकदम मार बसला तर मासा टिकणार कसा?

हॅचरीचा विषय निघालाच आहे, तर आमच्याच लोकांशी माझं थोडं भांडण आहे. बोटीवर कुणालाही विचारा, उपाय एकच सांगतील: हॅचऱ्या वाढवा. बॅटल क्रीकवरची कोलमन हॅचरी एकटीच वर्षाला सुमारे सव्वा कोटी शरद सॅमनची पिल्लं सोडते. दुष्काळात तर कोट्यवधी पिल्लं टँकरमध्ये भरून, नदी टाळून, थेट खाडीशी नेऊन सोडली. आमच्या बोटीवर लागलेल्या त्या एका माशाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला होता. ती हॅचरीची खूण. 2007 पासून शरद सॅमनच्या हॅचरीतल्या दर चार पिल्लांतल्या एकाचा तो पर कापतात आणि नाकाडात एक मिलिमीटरभर लांबीची तार टोचतात. बंदरावर सरकारी खात्याची एक मुलगी फळी आणि मोजपट्टी घेऊन उभी होती. तिनं मासा मोजला, बाईंना विचारून मुंडकं कापलं, पिशवीत घातलं, पिशवीला चिठ्ठी बांधली. ती तार पुढं सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात आणि मासा कुठल्या हॅचरीतून कधी सुटला ते कळतं. इतक्या बारकाईनं काम करणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण टँकरमधून गेलेल्या पिल्लाला आपली नदी नीट ओळखता येत नाही. ते मोठं झाल्यावर भलत्याच ओढ्यात चढतं, आणि जिथं तिथं एकाच वाणाचे मासे होतात. दुष्काळात माणसांना टँकर लागतो हे मराठी माणसाला सांगायला नको. पण टँकर आला म्हणून विहिरीचा विषय संपला, असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही.

मराठी वाचकाला हा पेच पटकन कळेल, कारण आपल्याकडे त्याला शब्द आहे. कालव्याच्या टेलचा शेतकरी. आवर्तन सुटतं तेव्हा डोक्याकडचे पाणी घेतात, मधले घेतात, आणि टेलला चिखल पोचतो. सॅमन हा सॅक्रामेंटोच्या कालव्याचा टेलचा शेतकरी आहे. सगळ्यांचं भागल्यावर जे उरेल ते त्याचं, आणि नाही उरलं तर बंदी त्याच्या माणसांवर.

सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या जुन्या पाणीहक्कधारकांचे हक्क शास्ता धरणाच्याही आधीचे आहेत. त्यांच्या करारात लिहिलंय की अगदी वाईट वर्षीही कराराच्या तीनचतुर्थांश पाणी मिळेल. माशाच्या वाट्याला असा कुठलाच करार नाही. 2022 मध्ये परिस्थिती इतकी बिघडली की या शेतकऱ्यांनी अवघ्या 18 टक्क्यांवर समाधान मानलं. सॅक्रामेंटो शहराच्या उत्तरेला मैलोन्‌मैल भातखाचरं त्या वर्षी पडीक राहिली, भातगिरण्या ओस पडल्या, मजुरांचं काम गेलं. त्यांचंही नुकसान झालं, आणि त्यांना खलनायक ठरवणं चुकीचं आहे. पण हा निर्णय साठा खाली गेल्यावर, ऐनवेळी, बैठकांवर बैठका घेऊन झाला. आधीच ठरलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला नियम असता तर शेतकऱ्यानं हिवाळ्यातच बियाण्याचा हिशेब केला असता, आणि 2021 चं थंड पाणीही वाचलं असतं.

असा नियम अशक्य नाही. 2005 च्या कायद्यानं महाराष्ट्रानं समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व मान्य केलं. त्याच तत्त्वावर पुढं ठरलं की पावसाळा संपल्यावर जायकवाडीत ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. त्यावरून दरवेळी आंदोलनं होतात, कोर्टकचेऱ्या होतात, नाशिककर आणि मराठवाडेकर एकमेकांवर चिडतात, हे मी बघत आलोय. तरीही टक्का आधी लिहिलेला आहे, तारीख आधी लिहिलेली आहे. भांडण होतं ते त्या आकड्यावर. टेलच्या माणसाला हात पसरायला लागत नाही, तो नियमाकडे बोट दाखवतो. सॅक्रामेंटोच्या माशाला बोट दाखवायला असा आकडा मिळावा, एवढीच माझी मागणी आहे. सॅमनचा अंदाज उद्दिष्टाखाली गेला आणि समुद्री मोसम कापला, तर त्याच वर्षी, त्याच कागदावर, शास्ताच्या थंड पाण्याचा राखीव साठा आणि वसंतातला किमान विसर्ग बांधला जावा. मच्छीमाराचा मोसम कापणारा आकडा आणि पाण्याचा मोसम कापणारा आकडा एकच असावा.

इथं मला माझ्या नळाबद्दल बोलावं लागेल. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रेडवूड सिटीत राहतो. आमच्या नळाला येणारं बहुतेक पाणी योसेमिटीच्या डोंगरातल्या हेच हेची जलाशयातून येतं, म्हणजे टुओलमी नदीचं. तीही सॅमनचीच नदी. 2018 च्या डिसेंबरात राज्याच्या पाणी मंडळानं ठरवलं की टुओलमी, मर्सेड आणि स्टॅनिस्लॉस या तीन नद्यांत फेब्रुवारी ते जून नैसर्गिक प्रवाहाच्या सुमारे 40 टक्के पाणी वाहतं राहावं. विरोध झाला तो फक्त शेतकऱ्यांकडून नव्हे. पर्यावरणाचा झेंडा मिरवणारं सॅन फ्रान्सिस्को शहरही विरोधात उभं राहिलं. अनेक वर्षं झाली तरी तो निर्णय नदीत उतरलेला नाही. बे एरियात आपली मराठी माणसं हजारोंनी राहतात. गणपतीत ढोल वाजवतात, दिवाळीत फराळ वाटतात, आणि आपल्या अंगणातली हिरवळ कुठल्या माशाच्या पाण्यावर वाढते याचा विचार क्वचितच करतात. मीही कित्येक वर्षं केला नव्हता.

महाराष्ट्रातले वाचकही यापासून फार लांब नाहीत. जगातले तीनचतुर्थांशांहून अधिक बदाम कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात पिकतात, आणि त्यांचा परदेशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक भारत. रात्री वाटीत भिजत घातलेल्या बदामांमागे सिंचन आहे, आणि त्यातलं बरंचसं पाणी सॅक्रामेंटोच्या मुखाजवळच्या प्रचंड पंपांनी दक्षिणेकडे ओढलेलं असतं. बदाम खाऊ नका असं मी म्हणत नाही. माझ्या घरातही आहेत. त्या वाटीचा हिशेब मासा एकटाच फेडतोय, एवढंच माझं म्हणणं आहे.

‘हौशी’ या शब्दावरही मला बोलायचंय. काहीजण म्हणतात, ही श्रीमंतांची करमणूक, बंद पडली तर काय बिघडलं? फोर्ट ब्रॅग, बोडेगा बे, हाफ मून बे या गावांत जाऊन बघावं. हौशी बोटींवर तांडेल, खलाशी, आमिष विकणारे, बर्फवाले, जेट्टीवरची छोटी खानावळ, सगळे जगतात. आमचा तांडेल साठीचा आहे. दोन वर्षं त्यानं देवमासे दाखवण्याच्या फेऱ्या करून बोटीचे हप्ते भरले. आणि काही लोकांसाठी तर सॅमन हौसेचा विषय कधीच नव्हता. मॅक्लाउड नदीकाठच्या विनेमेम विंटू या आदिवासी लोकांची गावं शास्ताच्या पाण्याखाली गेली आणि त्यांचा मासाही गेला. 1872 मध्ये त्यांच्याच नदीवर सरकारनं हॅचरी काढली होती. त्या वंशाची अंडी पुढं न्यूझीलंडला गेली आणि तिथल्या नद्यांत रुजली, असं हे लोक मानतात. धरणानं इथला मासा तोडला तेव्हा तो दूरच्या देशात जिवंत होता. 2010 मध्ये हे लोक न्यूझीलंडला जाऊन त्या माशाची माफी मागून, नाचून आले. 2022 मध्ये हिवाळी सॅमनची अंडी मॅक्लाउडच्या काठावर पुन्हा उबवली गेली, आणि त्या कामात हे लोक सरकारी खात्यांच्या बरोबरीनं उभे होते.

नदी मोकळी केली की काय होतं, हे उत्तरेत क्लॅमथ नदीनं दाखवलंय. 2002 च्या सप्टेंबरात तिथं कमी आणि कोमट पाण्यात रोग पसरून हजारो मोठे सॅमन समुद्रातून वर येताना मेले. यूरोक आणि करूक या आदिवासी लोकांनी त्यानंतर वीस वर्षं लढा दिला. 2024 मध्ये चार धरणं पाडून झाली. त्याच ऑक्टोबरात, काही आठवड्यांतच, सॅमन ओरेगनमधल्या ओढ्यात पोचला. 1912 नंतर पहिल्यांदा. माशाला ना नकाशा लागला ना टँकर. वाट मिळाली आणि तो गेला. सॅक्रामेंटोवर शास्ता पाडा असं कुणी शहाणा म्हणणार नाही, तीस-चाळीस लाख एकर शेती आणि कोट्यवधी माणसं त्या पाणीयोजनांवर आहेत. पण धरण ठेवून पाणी सोडता येतं. आणि भातशेती हा माशाचा शत्रू नव्हे, हेही इथल्या संशोधकांनी दाखवलंय. सॅक्रामेंटोच्या पूरमैदानात, हिवाळ्यात पाणी साचलेल्या भातखाचरांत सॅमनची पिल्लं सोडली तेव्हा ती नदीतल्या पिल्लांपेक्षा कितीतरी वेगानं वाढली. खाचरातल्या गढूळ पाण्यात त्यांना खायला बारीक जीव-किडे भरपूर.

हे वाचलं तेव्हा मला आमची वळगण आठवली. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पऱ्ह्यातून मासे वर चढायचे, थेट भाताच्या खाचरात. चढणीचे मासे. रात्री बत्ती घेऊन आम्ही पोरं मामाच्या मागे जायचो आणि मामा दरवेळी बजावायचा, पोट फुगलेली मादी सोडायची. पुढं खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आले. पाण्याला वास यायला लागला. गावच्या लोकांना वारंवार सांगितलं गेलं की तुम्ही बारीक आसाचं जाळं लावता म्हणून मासा संपला. जाळी बारीक होती, हे खरं होतं. मासा संपायचं कारण मात्र पाण्यात होतं, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं.

सॅमनचा मोसम मार्च-एप्रिलमध्ये ठरतो. त्या बैठकांत कुणालाही दोन-तीन मिनिटं बोलता येतं, आणि पाणी मंडळाच्या सुनावणीतही. गेल्या वेळी मी मोसमाच्या बैठकीत गेलो तेव्हा खोलीत मच्छीमारच मच्छीमार होते. पुढच्या वेळी मी पाणी मंडळाच्या सुनावणीला जाणार आहे, मच्छीमार म्हणून नव्हे, रेडवूड सिटीतला नळधारक म्हणून. आमच्या मराठी मंडळातल्या चार कुटुंबांनी बरोबर यायचं कबूल केलंय. आमच्या पाण्याच्या बिलाचा क्रमांक वाचून दाखवायचा, आणि त्या पाण्यातलं किती माशासाठी सोडायला आम्ही तयार आहोत ते आकड्यात सांगायचं, असं ठरलंय.